आधी कान, मग नाव

दहावीतल्या एका मुलीनं भुजंगप्रयात वृत्ताचं लक्षण मला वहीत लिहून दाखवलं. चरणात चार य-गण, अक्षरं बारा, लघू-गुरूच्या खुणा एकही न चुकता. पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं ते पान होतं. 'आता हीच ओळ म्हणून दाखव,' असं मी सांगितलं, तेव्हा तिनं ती फलाटावरची सूचना वाचावी तशी वाचली. शब्द सगळे आले, वृत्त आलंच नाही.

तिच्या मागच्या बाकावरचा मुलगा घरी उर्दू बोलतो. आजोबांचं बोट धरून लहानपणापासून त्यानं कामठीतले मुशायरे ऐकलेत. भुजंगप्रयात हा शब्द मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या कानावर पडला. त्यानं ओळ मनाशी घोळवली, बाकावर बोटांनी ठेका धरला, एक हलका आणि दोन जड, पुन्हा एक हलका आणि दोन जड, आणि म्हणाला, 'सर, ये तो फ़ऊलुन-फ़ऊलुन है.' मी मुलीला म्हटलं, तुला आजीनं मनाचे श्लोक शिकवलेत ना, त्यातला एक या ठेक्यावर म्हण. तिनं म्हटला. कुठेही अडखळला नाही. ती थांबली, वहीतल्या खुणांकडे तिनं पुन्हा पाहिलं आणि पहिल्यांदा त्या खुणा तिला दिसल्या.

समर्थांचे 205 श्लोक ज्यात बांधले आहेत तो भुजंगप्रयात आणि उर्दू-फारसी कवी ज्याला मुतकारिब म्हणतात त्याचं चार पदांचं पूर्ण रूप, या दोन्हींचा सांगाडा एकच आहे : लगागा, लगागा, लगागा, लगागा. आमचं कामठी गाव 1821 मध्ये इंग्रजांनी वसवलेल्या छावणीमुळे वाढलं, तिच्याबरोबर नाना भाषांची माणसं इथे आली आणि राहिली. एका गल्लीत श्लोक आणि पलीकडच्या गल्लीत शेर, असे इथल्या मुलांचे कान घडतात. तरीही हे नातं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शिक्षक म्हणून मीही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी ही पुस्तिका लिहायचं ठरलं.

कविता आणि कथा वाचताना लागणाऱ्या साध्या संज्ञा तिच्यात आहेत. यमक, उपमा, रूपक, प्रतिमा, प्रतीक, वृत्त, छंद, निवेदक, कथानक, अशा. यांतली प्रत्येक संज्ञा कोणीतरी आधी ऐकलेल्या, आधी अनुभवलेल्या गोष्टीला नंतर दिलेलं नाव आहे. शाळेत आपण हा क्रम उलटा करतो. नाव आधी पाठ करून घेतो, व्याख्या घोकून घेतो, आणि ज्या गोष्टीचं ते नाव आहे ती बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

कामठीत बिड्या वळणाऱ्या घरातली सात-आठ वर्षांची पोर पाहा. फर्मा म्हणजे काय, कट्टा म्हणजे काय, हे तिला कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. फर्म्यानं तेंदूचं पान कापलेलं तिनं पाहिलेलं असतं, कट्टे बांधताना दोरा तिनंच धरलेला असतो. 'छाट' हा शब्द तिला त्या दिवशी कळतो, ज्या दिवशी आईच्या बिड्या नापास होऊन मजुरी कमी येते. कामाला शब्द चिकटलेला असला की तो विसरला जात नाही. कविता करणं, गोष्ट सांगणं हीही कामंच आहेत आणि त्यांच्या संज्ञा म्हणजे त्या कामाचे शब्द. ते पंडितांच्या मालकीचे आहेत, ही भीती आधी मनातून काढून टाका.

यमकापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांना येतं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. एकजण जुळवून जुळवून म्हणतो, सावकाराला, सरकारला, शेजाऱ्याला टोमणे मारतो, आणि शेवटी सगळे महादेवाचा गजर करतात. झडती म्हणणाऱ्याला विचारा, यमक कुठे पडतं. तो सांगणार नाही, पण चुकीच्या जागी पडलं तर लगेच हसेल. घोळका हसतो तो उपहासाला आणि त्याच वेळी जुळलेल्या यमकालाही. भुलाबाईच्या गाण्यांत मुली प्रत्येक कडव्यानंतर त्याच ओळीवर परत येतात, ते ध्रुवपद. जात्यावरच्या ओवीत शेवटचा चरण आखूड पडतो आणि तिथे बाईचा श्वास सुटतो, ही तर छंदशास्त्राच्या पुस्तकाआधीची गोष्ट आहे. यावर जास्त लिहीत नाही. पुस्तिकेत उदाहरणं आहेत आणि खरी उदाहरणं तुमच्या घरात आहेत.

अलंकारांवर मात्र थांबायला हवं, कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. 'पुढील ओळीतील अलंकार ओळखा' या प्रश्नानं मुलांना एवढंच शिकवलं की 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा लिहायचं आणि 'सारखा' दिसलं की उपमा. कवीनं एक सोडून दुसरा का निवडला, हा प्रश्न कधी विचारलाच जात नाही.

म्हणून एकच गोष्ट घेऊ. मे महिन्यातली दुपार, कन्हान नदीचं पात्र, अनवाणी पाय. वाळू तापली आहे हे सांगायचं आहे.

'वाळू तव्यासारखी तापली होती.' ही उपमा. वाळू उपमेय, तवा उपमान, तापणं हा दोघांतला सारखेपणा आणि 'सारखी' हा जोडणारा शब्द. बोलणारा शुद्धीवर आहे. वाळू वेगळी, तवा वेगळा, हे त्याला ठाऊक आहे.

'वाळू जणू तवाच झाली होती.' ही उत्प्रेक्षा. इथे बोलणाऱ्याचा तोल थोडा ढळला. वाळू तवा आहे असं त्याला वाटू लागलंय, पण 'जणू' म्हणून त्यानं अजून एक पाय मागे ठेवलाय.

'वाळूच्या तव्यावरून आम्ही चालत गेलो.' हे रूपक. मागे ठेवलेला पाय उचलला गेला. वाळू आणि तवा यांत आता भेद उरलेला नाही, आणि वाचकालाही तो शोधावासा वाटत नाही.

'ही वाळू कसली, हा तवा आहे.' ही अपन्हुती. आता उपमेयच नाकारलं. भाजणाऱ्या माणसाच्या तोंडी असंच वाक्य येतं.

'तवा परवडला, पण ही वाळू नको.' हा व्यतिरेक. उपमान हरलं, वाळू त्याच्याही पुढे गेली.

पाच वाक्यांत तापमान तेच आहे. बदलत गेली ती बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था. अलंकार म्हणजे कवितेवर वरून घातलेले दागिने, हे वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं जातं आणि ते मला मान्य नाही. अलंकार बदलला की बोलणारा माणूस बदलतो. उपमा देणारा आणि अपन्हुती करणारा, दोघे वेगवेगळ्या जागी उभे आहेत. हे ज्या मुलाला एकदा कळलं, त्याला अलंकार ओळखण्यासाठी 'जणू' शोधत बसावं लागत नाही.

शब्दांच्या शक्ती तीन सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा, व्यंजना. यांनाही मुलं घाबरतात. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जमत नाही म्हणून शेजारचा घेतला. 'मुशायऱ्याला कामठी रात्रभर जागली' म्हटलं तर घरं-रस्ते जागले नाहीत, माणसं जागली. व्यंजना म्हणजे सरळ अर्थ उभा असतानाच त्याच्या पलीकडे उमटणारा अर्थ. काव्याचा प्राण तिथे आहे, असं नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं मांडलं आणि त्याला ध्वनी म्हटलं.

व्यंजनेचं उदाहरण शोधायला मला काश्मीरपर्यंत जावं लागत नाही. बाबू हरदास ल. न. कामठीत 1904 मध्ये जन्मले. त्यांनी इथल्या बिडी कामगारांना संघटित केलं, रात्रशाळा चालवल्या, लेखन केलं, 1937 मध्ये विधिमंडळावर निवडून गेले आणि 1939 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, वारले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. या दोन शब्दांचा अभिधेनं होणारा अर्थ एवढाच की भीमाचा जय असो. पण एक माणूस दुसऱ्याला भेटल्यावर मान ताठ ठेवून हे दोन शब्द उच्चारतो, तेव्हा त्यात किती काय उमटतं. मी कोण, तू कोण, आपण कुठून आलो, आता कोणापुढे वाकणार नाही, हे सगळं. त्यातला एकही शब्द उच्चारलेला नसतो. व्यंजना म्हणजे काय, हे कामठीच्या मुलाला समजावताना मी यापुढे दुसरं उदाहरण देणार नाही.

आपण विदर्भातली माणसं या संज्ञांना परकी नाही, हेही सांगायला हवं. काव्याच्या रीतींपैकी एकीचं नावच वैदर्भी. दंडीनं वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग सांगितले. पुढे वामनानं वैदर्भी, गौडी आणि पांचाली अशा तीन रीती मानल्या आणि रीतीलाच काव्याचा आत्मा ठरवलं. लांबलचक समास टाळणारी, गोड, लगेच कळणारी रचना ती वैदर्भी. कालिदासाची रीत हीच, असं परंपरा मानते. आणि त्याच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमच्यापासून तासाभरावरचं रामटेक, असं वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी मांडलं. मेघदूत मंदाक्रांतेत आहे. सतरा अक्षरं, चार, सहा आणि सात असे तीन टप्पे. पहिली चारही अक्षरं गुरू, मग पाच लघूंची धाव आणि एक गुरू, मग हेलकावे. रामटेकच्या गडावर आषाढात उभं राहून ढग कसे आधी जड पावलांनी सरकतात आणि मग एकदम पळतात, हे एकदा पाहून या. कालिदासानं हेच वृत्त का घेतलं याचं माझ्यापुरतं उत्तर तिथे मिळालं.

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांचं. केसोबासांचा 'दृष्टांतपाठ' त्याच परंपरेतला. त्यात 114 दृष्टांत आहेत. आधी सूत्र, मग छोटीशी गोष्ट म्हणजे दृष्टांत, आणि मग त्या गोष्टीतलं काय कशाला लागू करायचं ते सांगणारं दार्ष्टांतिक. तेराव्या शतकातलं मराठी गद्य गोष्ट सांगत होतं आणि गोष्टीच्या भागांना नावंही देत होतं. अलंकारांतला दृष्टांत मात्र वेगळा. एकाच शब्दाचे दोन वापर आहेत, पुस्तिकेत ते वेगळे दाखवले आहेत.

मूर्तिजापूरचे कवी अनिल, म्हणजे आ. रा. देशपांडे, यांनी मराठीत मुक्तछंद रुजवला आणि दहा ओळींची दशपदी घडवली. त्यांच्या 'दशपदी' या संग्रहाला 1977 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुक्तछंद आणि दशपदी एकाच माणसाच्या हातून आली, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. आजकाल गद्य वाक्य मध्येच तोडून चार ओळींत लिहिलं की त्याला मुक्तछंद म्हणायची पद्धत पडली आहे. मुक्तछंदाला लय असते. ती ठरावीक साच्यात नसते, म्हणून तर ती सांभाळायला जास्त अवघड.

आणि गझल. माधव ज्यूलियनांनी ती मराठीत आणली, 'गज्जलांजलि' 1933 मध्ये प्रसिद्ध केली आणि 'छंदोरचना' लिहून आपल्या छंदांचा पायाही बांधून दिला. पण तिच्या संज्ञा सामान्य कवीच्या हातात पोचवल्या त्या अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात राहिलेल्या सुरेश भटांनी. त्यांनी नव्या कवींसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. एवढा मोठा कवी बाराखडी लिहायला बसला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही पुस्तिका लिहिण्याचं धाडस मला तिथून मिळालं.

गझलेच्या संज्ञा दाखवण्यासाठी दोन ओळी मीच जुळवल्या आहेत, कविता म्हणून नव्हे, फळ्यावरच्या आकृतीसारख्या :

नदीच्या तळाशी उरे फक्त वाळू
पुराच्या स्मृती मी कशा सांग टाळू

प्रत्येक ओळ हा मिसरा. दोन मिळून शेर. पहिला शेर असून दोन्ही ओळींत यमक जुळलंय, म्हणून मतला. वाळू-टाळू हा काफिया. 'ळू' कायम आहे आणि त्याच्या आधीचा 'आ' स्वरही कायम आहे, तो स्वर म्हणजे अलामत. म्हणून पुढच्या शेरांत 'जाळू' चालेल, 'खेळू' चालणार नाही. काफियानंतर प्रत्येक शेरात तोच शब्द पुन्हा आला असता तर तो रदीफ. इथे तो नाही. वृत्त कोणतं, ते बाकावर बोटांनी वाजवून पाहा. वरच्या त्या मुलानं वाजवलं होतं तेच आहे.

कथेकडे वळल्यावर मुलांची अडचण वेगळी होते. कवितेत त्यांना संज्ञा जास्त वाटतात, कथेत त्या मुळीच नाहीत असं वाटतं. गोष्ट वाचली, शेवट कळला, संपलं. म्हणून इथेही एकच गोष्ट घेतली आहे. एक बाई बिड्यांचे कट्टे घेऊन ठेकेदाराकडे गेली. मुनीमानं त्यातल्या बऱ्याच बिड्या छाटल्या. परत येताना मुलीसाठी घ्यायची वही तिनं घेतली नाही.

घटना तीन. आता ही गोष्ट कोण सांगतंय?

मुनीम सांगू लागला तर म्हणेल, 'मालकानं बजावलं होतं, मी माझं काम केलं. बाई काही बोलली नाही. बोलली असती तर दहा-वीस बिड्या घेतल्याही असत्या.' मुलगी सांगू लागली तर म्हणेल, 'आई आली तेव्हा पिशवी रिकामी होती. मी वहीबद्दल विचारलं नाही. तिनं पिशवी घडी करून खुंटीला अडकवली.' आणि तिऱ्हाईत, सगळ्यांच्या मनातलं जाणणारा निवेदक सांगू लागला तर तो दुकानाच्या दारात बाई क्षणभर थांबली होती हेही सांगू शकेल, जे मुलीला आणि मुनीमाला कधीच कळणार नाही.

निवेदक बदलला की गोष्टच बदलते. मुनीमाच्या तोंडून ती स्वतःला सोडवून घेण्याची गोष्ट होते, मुलीच्या तोंडून न विचारलेल्या प्रश्नाची. आणि लक्षात घ्या, मुनीम खरं बोलतोच आहे असं नाही. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. बाबुराव बागुलांच्या 1963 च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाच्या नावातच 'मी' आहे. तो 'मी' कोण, लेखकाशी त्याचं नातं काय, हे प्रश्न विचारल्याशिवाय ती कथा वाचताच येत नाही.

आता क्रम बदला. सुरुवात रिकाम्या पिशवीपासून करा आणि छाटलेल्या बिड्यांपर्यंत मागे जा. घटना त्याच राहिल्या, कथानक बदललं. घडलेल्या घटना आणि त्यांची कार्यकारण दाखवणारी मांडणी यांतला हा फरक इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरनं 1927 मध्ये सांगितला. आपल्याकडे तो प्रत्येक कीर्तनकाराला न सांगता येतो.

आणि ती पिशवी. खुंटीला अडकवलेली घडी केलेली पिशवी डोळ्यांपुढे उभी राहते, ही प्रतिमा. कथेत ती पुन्हा पुन्हा आली, मुलगी मोठी झाल्यावरही ती खुंटी तिला दिसत राहिली, आणि पिशवी म्हणजे फक्त पिशवी उरली नाही, तर ते प्रतीक. प्रत्येक वस्तूला प्रतीक म्हणून मोकळं होणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे, आधी वस्तू नीट पाहा. खुंटी खुंटीच असू द्या. प्रतीक व्हायचं असेल तर ती होईल.

कलाटणी, म्हणजे शेवटी गोष्टीनं घेतलेलं अनपेक्षित वळण, ही मुलांची लाडकी संज्ञा. ती सगळीकडे शोधू नये. नरखेडचे वामन कृष्ण चोरघडे यांच्या कथा वाचताना कलाटणीची वाट पाहत बसलात तर हाताला काही लागणार नाही. त्यांच्या कथेत एक भाववृत्ती हळूहळू दाटत जाते. आपल्याच जिल्ह्यातला हा कथाकार 1979 मध्ये चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता आणि आज आमच्या मुलांना त्याचं नाव ठाऊक नाही. हे मला बोचतं.

कोणी विचारेल, कानाला सगळं कळतंच तर नावं हवीत कशाला? मी वर्गात पाहिलंय ते सांगतो. नाव नसलं की कविता वाचून मुलं 'छान आहे' म्हणतात आणि बोलणं तिथेच थांबतं. 'इथे निवेदक काहीतरी लपवतोय' असं एका मुलानं म्हटलं की दुसरा उठतो आणि 'नाही, त्याला ठाऊकच नाही' म्हणतो. मग दोघेही पुस्तक उघडतात आणि ओळीवर बोट ठेवतात. नाव मिळालं की भांडता येतं, आणि साहित्यावर नीट भांडण्यासाठी पुन्हा वाचावंच लागतं.

पुस्तिका लहान आहे. रसांवर फक्त दोन पानं आहेत, कारण तो विषय दोन पानांत मावत नाही आणि वीस पानं लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी ग. रा. भटकळ फाउंडेशनचा 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' पाहावा. 2001 चा आहे आणि त्याच्या संपादकांत आपल्या विदर्भातले प्रभा गणोरकर आणि वसंत आबाजी डहाके आहेत.

वाचताना एक करा. प्रत्येक उदाहरण आधी मोठ्यानं म्हणा, आणि मगच त्याखालचं नाव वाचा. नाव मुद्दाम ओळीच्या खाली, लहान अक्षरांत छापलं आहे. शेवटची आठ पानं कोरी ठेवली आहेत. तुमच्या गावच्या झडत्या, आजीच्या ओव्या, मुशायऱ्यात आवडलेला शेर, आईनं सांगितलेली गोष्ट तिथे उतरवून ठेवा, आणि त्याखाली तुम्हाला सुचलेली संज्ञा पेन्सिलनं लिहा, म्हणजे पुढे मत बदललं तर खोडता येईल.